‘चष्मा काढ’ असं तूच म्हणालास

दादा, तुझ्या विद्यार्थ्यांना तुझ्यावर स्मरणिका काढायची आहे. नीता वहिनींचा फोन आला होता. "शैला, तू सख्खी बहीण. दोन पानं तरी दे. लहानपणच्या आठवणी चालतील." लहानपणच्या चालतील, हे त्यांनी मुद्दाम म्हटलं. नंतरच्या नकोत, हे त्यांना सांगायचं होतं. मी लिहायला बसलेय, पण स्मरणिकेसाठी नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तू मधेच उठून गेलास. सकाळी चहाचा कप हातात घेतलास, छाती धरलीस आणि संपलास. भांडणातून असं उठून जाणं तुला नेहमीच छान जमायचं.

तरी लहानपणापासूनच सुरू करते, वहिनींचं मन राखायला.

तू नाशिकला होस्टेलवर राहायचास, मी दिंडोरीत शाळेत होते. सुट्टीला येताना तू कुठूनतरी दोन काळसर, पारदर्शक पट्ट्या आणल्यास. एकावर एक ठेवून फिरवल्या की एका कोनात सगळा उजेड बंद व्हायचा. मग माझ्या कंपासपेटीतली प्लॅस्टिकची मोजपट्टी तू त्या दोन्हींच्या मधे धरलीस. त्या अंधारात एकदम रंग उमटले, गुलाबी, हिरवे, निळे, पट्ट्यापट्ट्यांनी. मी ओरडलेच. तू म्हणालास, "हा ताण आहे. साच्यात थंड होताना पट्टीच्या आत अडकून बसलेला. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण प्रकाशाला कळतो." त्या दुपारी मी घरातली प्लॅस्टिकची प्रत्येक वस्तू त्या दोन पट्ट्यांमधे धरून पाहिली. पुढे मी जे शिकले, ज्यावर आजही माझं पोट चालतं, ते त्या दुपारी ठरलं. हे तुझं देणं आहे. नाकारता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसरी आठवण वहिनींना आवडणार नाही. सायखेड्याला मामाची वास्तुशांत होती. तू तेव्हा एम.एस्सी. होऊन संशोधनाला लागला होतास आणि सगळ्या पाहुण्यांमधे तुझं कौतुक चाललं होतं. आईच्या कानात मामानं तिच्या लग्नात केलेल्या हिऱ्याच्या कुड्या होत्या. त्या ती वर्षातून एखाद्या वेळी घालायची. तू म्हणालास, "आई, एक दे जरा, गंमत दाखवतो." कुडी हातात घेऊन तू तिच्यावर तोंडाची वाफ सोडलीस. सगळे बघायला गोळा झाले. "खरा हिरा उष्णता इतक्या झटकन ओढून घेतो की त्याच्यावर वाफ टिकतच नाही," तू समजावून सांगत होतास. मधल्या खड्यावरची वाफ खरंच क्षणात गेली. भोवतीच्या खड्यांवर ती तशीच धुरकट बसून राहिली. "मधला तेवढा हिरा आहे. बाकीची काच," तू सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं जाहीर केलंस.

मामाचा चेहरा मला अजून दिसतो. "मी तर चांगल्या सराफाकडून घेतल्या होत्या रे. मला काय ठाऊक," एवढंच तो म्हणाला आणि वाढायला निघून गेला. आईनं कुडी तुझ्या हातातून घेतली आणि परत कानात घातली. "असू दे. मला हायेत तशाच आवडतात." परत येताना मी तुला म्हटलं, "घरी गेल्यावर सांगायचं होतंस ना." तू म्हणालास, "खरं ते खरं. त्याला कसली आलीये वेळ नि जागा?" मला तेव्हा तू फार मोठा वाटलास. खरं बोलायचं म्हणजे असं, असं मला वाटलं. त्या खऱ्याचा तुला काही त्रास होणार नव्हता, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं जावी लागली.

मग अप्पांचे डोळे गेले. साखरेच्या आजारानं आतला पडदा खराब होत गेला आणि बागेत छाटणीला माणसं लावणारे आपले वडील माणसांना आवाजावरून ओळखायला लागले. डॉक्टर म्हणाले होते, वेळेवर लेसरनं उपचार झाला असता तर एवढं झालं नसतं. पिवळ्या लेसरचं नाव तेव्हा आपण पहिल्यांदा ऐकलं. परदेशी यंत्र होतं, आणि आपल्याकडच्या फार थोड्या दवाखान्यांना परवडायचं. तू परदेशातली नोकरी सोडून परत आलास आणि म्हणालास, हे मी इथं करून दाखवतो. लोक तुला देव मानायला लागले ते तिथपासून. मीही मानत होते. माझं कॉलेजातलं शिकवणं सोडून मी तुझ्याकडे आले.

अप्पांची द्राक्षं पॅक करायची शेड आपण प्रयोगशाळेसाठी घेतली. जाड भिंती, एक बाजू शीतगृहाची, त्यामुळे तापमान सांभाळणं सोपं जायचं. आजूबाजूच्या बागांत गंधकाची धुरळणी सुरू झाली की दारं-खिडक्या चिकटपट्टीनं बंद करायच्या, कारण आरशावर कण बसला की लेसर तो जाळायचा आणि आरसा फुकट जायचा. आपण दोघं गुडघ्यांवर बसून दाराच्या फटी बुजवायचो. आई भाकरी घेऊन यायची तर तिला बाहेरच थांबवायचो. ते दिवस चांगले होते. तुझा कितीही राग आला तरी त्या दिवसांबद्दल मला खोटं लिहिता येणार नाही.

तुझी कल्पना साधी होती, निदान सांगायला. हिरव्या लेसरचा प्रकाश हिऱ्याच्या कांडीत सोडायचा. हिरा त्यातली थोडी ऊर्जा स्वतःच्या थरथरण्यासाठी ठेवून घेतो आणि उरलेला प्रकाश पिवळा होऊन बाहेर पडतो. असं करणारे दुसरेही स्फटिक आहेत, पण ते तापतात आणि तापले की आतला प्रकाश वाकडा जातो. हिरा उष्णता लगेच बाहेर टाकतो. म्हणून हिराच हवा. आपल्या कांड्या सुरतेहून यायच्या, वायूमधून थरावर थर चढवून वाढवलेल्या, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठ्या. त्या तपासणं माझं काम होतं. तेच लहानपणीचं काम, दोन काळ्या पट्ट्यांच्या मधे धरायचं. चांगला हिरा तिथं काळाच राहतो. आत ताण असेल तर करडे डाग दिसतात, कधी पाकळ्यांसारखे. तू पाहुण्यांना सांगायचास, "शैला नाही म्हणाली की तो हिरा परत जातो." मला फार अभिमान वाटायचा.

त्या दिवशी मी नाही म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी नाशिकचे डोळ्यांचे डॉक्टर प्रयोग बघायला यायचे होते आणि आधीची कांडी तडकली होती. नवी आली. ताण कमी होता, पण तिचं पुढचं तोंड जरा तिरकं घासलं गेलं होतं. मी तुला सांगितलं, "दादा, हिऱ्यावरून काचेच्या कितीतरी पट जास्त प्रकाश उलटा फिरतो. हे तोंड तिरकं आहे. परत येणारा प्रकाश टेबलाला समांतर राहणार नाही, वर उडेल. टेबलाभोवतीचा आडोसा उंच केल्याशिवाय ही लावू नकोस."

तू म्हणालास, "आधी मांडू तर. मग बघू."

आपण मांडली. दोघांच्याही डोळ्यांवर चष्मे होते. हिरवा प्रकाश अडवणारे ते नारिंगी चष्मे, ज्यांतून पिवळाही नीट कळत नाही. तू संगणकासमोर उभा होतास आणि पिवळ्याची रेघ तुला पडद्यावर दिसत होती. एकदम तू ओरडलास, "आला! शैला, आला! चष्मा काढ, बघ कसला सोन्यासारखा आलाय!"

मी म्हटलं, "हिरवा चालू आहे ना?"

"अगदी कमी केलाय. काढ गं. एवढी वर्षं घासलीस, आता बघणार नाहीस का?"

मी काढला. मी वाकले. पिवळा मला दिसलाच नाही. डाव्या डोळ्यात हिरवं काहीतरी फुटलं आणि डोक्याच्या आत टक् असा आवाज झाला. खरंच आवाज झाला. मग लाल धुरासारखं काहीतरी खाली उतरत गेलं. ते माझंच रक्त होतं. मी टेबल धरून खाली बसले आणि वर पाहिलं, तेव्हा तुझ्या डोळ्यांवर चष्मा तसाच होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हे झालं कसं?" तुझा हात माझ्या डोक्यावर होता. मी तोंड उघडायच्या आत तू अगदी हळुवार आवाजात म्हणालास, "तिनं चष्मा काढला होता."

एवढंच. एकही शब्द खोटा नाही. पुढे ते वाक्य तू आईला सांगितलंस, वहिनींना, मामाला, चौकशीला आलेल्या माणसांना. दर वेळी त्याच आवाजात, दर वेळी माझी कीव करत. प्रयोगशाळा बंद पडली नाही, तुझ्यावर ठपका आला नाही. मी आईला दवाखान्यातच सांगितलं, "आई, दादा म्हणाला काढ, म्हणून मी काढला." ती माझे पाय चेपत होती. म्हणाली, "नाय गं. दादा असं करायचा नाय. तुला आता काय सुधरत नाय, पड तू." मला तिचा राग आला नाही. तिला ते कसं पटलं असतं? अख्ख्या पंगतीत खरं बोलणारा मुलगा तिचा.

डाव्या डोळ्याचा मधला भाग गेला. उजवा झाकून माणसाकडे पाहिलं तर कान दिसतात, केस दिसतात आणि मधे चेहरा नसतो. मी तुझी शेड सोडली. एका डोळ्यानं खोली मोजायला शिकले, चहा कपाबाहेर सांडायचा तो थांबला, गाडी चालवायला शिकले. अंबडला एका कारखान्यात भिंगं तपासायचं काम मिळालं. ताण ओळखायला एक डोळा पुरतो. तुझा पिवळा लेसर पुढे झाला, चांगला झाला. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत गेला. अप्पांसारखी कितीतरी माणसं त्यामुळे आज स्वतःच्या पायानं बांधावर जातात. हे खरं आहे आणि माझा डोळा गेला तो कसा, हेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरी असायला तुझी हरकत का होती, हे मला कधीच कळलं नाही.

एवढ्यावर थांबला असतास तरी मी कदाचित गप्प बसले असते. पुण्याला एका प्रदर्शनात मी आमच्या कारखान्याच्या स्टॉलवर उभी होते. एक इंजिनियर मुलगी आली, गळ्यात तुझ्या संस्थेचं ओळखपत्र होतं. माझं आडनाव वाचून तिनं विचारलं, "मॅडम, तुम्हीच का त्या? चष्मा काढलेल्या?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

ती ओशाळली. "सर प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी सांगतात. माझी सख्खी बहीण, एवढी हुशार, पण एक क्षण बेफिकीर राहिली. सांगताना सरांचा गळा भरून येतो, मॅडम."

तुझा गळा भरून येतो. माझ्या डोळ्याचा तू धडा केलास आणि त्या धड्यात बेफिकीर मी. मी तिथूनच तुला फोन लावला. तू म्हणालास, "अगं, त्यामुळे दहा पोरांचे डोळे वाचतात. तुझं नाव तर मी घेत नाही." मी विचारलं, "मग तुझं का घेत नाहीस?" तुला मीटिंग होती. तू फोन ठेवलास.

गेल्या भाऊबीजेला मी तुझ्याकडे आले, शेवटचं विचारायचं ठरवून. ओवाळून झालं. वहिनी आत गेल्या. ताट हातात ठेवूनच मी म्हटलं, "दादा, मला काही नको. एकदा सांग, काढ कोण म्हणालं?"

तू खाली बघितलंस. "मी म्हणालो असेन, शैला. पण तू शिकलेली होतीस. तुला कळायला हवं होतं."

म्हणालो असेन! आयुष्यभर तू मोजमापं घेतलीस. हिरा किती प्रकाश गिळतो, किती सोडतो, किती परत फेकतो, हे दशांशापर्यंत सांगायचास. कुठल्या शोधनिबंधात 'झालं असेल' लिहिलंस? माझ्यापुरताच तुला हा 'असेन' सापडला?

"हेच आईसमोर म्हण," मी म्हटलं.

"या वयात तिला कशाला?"

"मग तुझ्या पोरांसमोर म्हण. पहिल्या दिवशी, गळा भरून येतो तेव्हा."

"तुला काय हवंय नेमकं? डोळा परत येणार आहे का त्यानं?"

मी ताट खाली ठेवलं आणि न जेवता निघाले. तू दारापर्यंत आलास आणि माझ्या गाडीचा दिवा मिचमिचतोय, तो बघून घे, असं म्हणालास. तुझं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं. तुला माझी काळजी होती, हे मला माहीत आहे. त्याचाच जास्त संताप येतो. नुसता वाईट असतास तर मी तुला केव्हाच सोडून दिलं असतं.

काल शेडमधे तुझी शोकसभा झाली. गर्दी इतकी की मांडव बागेपर्यंत वाढवावा लागला. डॉक्टर बोलले, सरपंच बोलले. घोटीहून एक म्हातारे शेतकरी आले होते. ते नुसतेच माइकसमोर उभे राहिले, म्हणाले, "मला तुमी समदे दिसताय," आणि खाली उतरले. त्यांना मीही हात जोडले, खोटं कशाला बोलू. आई पहिल्या रांगेत बसली होती, पदर तोंडाला लावून. तिच्या शेजारी मी.

मग तुझा एक विद्यार्थी उठला. चांगला मुलगा आहे, तुझ्यावर त्याचा फार जीव. तो म्हणाला, "सर सुरक्षेबाबत किती काटेकोर होते, हे त्यांच्या घरातच घडलेल्या एका प्रसंगावरून कळतं. सरांच्या भगिनींनी एक क्षण निष्काळजीपणा केला, आणि सरांना ते दुःख आयुष्यभर..." पुढचं मी ऐकलं नाही. मी उठून माइकपाशी गेले. त्याला वाटलं, मला भरून आलंय. त्यानं आदरानं माइक माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "मी त्यांची बहीण. मी चष्मा काढला, हे खरं आहे. ते म्हणाले, चष्मा काढ, म्हणून काढला. हिऱ्याचं तोंड तिरकं आहे, प्रकाश वर उडेल, आडोसा उंच करा, हे मी आधी सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. नव्या बॅचला सांगाल तर हे सगळं सांगा. नाहीतर माझी गोष्ट सांगू नका." आणि मी खाली उतरले.

बाहेर कुणाच्या तरी बागेत ट्रॅक्टर चालू होता, तेवढाच आवाज. कार्यक्रम कसाबसा उरकला. वहिनी मला भिंतीकडे घेऊन गेल्या. "आजच बोलायचं होतं? चार दिवस तरी थांबायचंस."

"वहिनी, तो होता तेव्हा तुम्ही म्हणायचात, ते दमलेत, आज नको. आता तो नाही, तर आजही नको. मी कुठल्या दिवशी बोलायचं, ते तुम्हीच सांगा."

त्या पाहुण्यांना निरोप द्यायला वळल्या. त्यांचं चुकलं, असं मी म्हणत नाही. तुझ्या त्या एका वाक्याभोवती त्यांनी अख्खा संसार उभा केला होता. तो मी सगळ्यांसमोर हलवला. पण हलण्यासारखं ते तू करून ठेवलंस, दादा, मी नाही.

आई आतल्या खोलीत होती. पूर्वी अप्पा जिथं बसून द्राक्षाच्या पेट्या मोजायचे, त्याच खोलीत, बाकावर. मी दार लोटून शेजारी बसले.

मग म्हणाली, "शैले, त्यो खरंच म्हणला व्हता?"

"हो."

"तुला नीट याद हाय?"

"दोन्ही डोळे धड असताना ऐकलेलं शेवटचं बोलणं आहे ते, आई."

"मग मला का नाय सांगितलंस?"

"सांगितलं होतं. दवाखान्यात. तू माझे पाय चेपत होतीस."

ती पदराचं टोक बोटांवर गुंडाळत, सोडत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "मी त्याला कधी इचारलंच नाय. लय दा तोंडावर आलं. भ्या वाटायचं, त्यो हो म्हणला तर."

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघून विचारलं, अगदी साधेपणानं, भाजीत मीठ घालू का विचारावं तसं, "मग आता मी त्याच्यासाठी रडू का नको?"

दादा, हे तू केलंस. माझा डोळा गेला ते एका क्षणात घडलं. तेवढ्यापुरती मी तुला सूट द्यायला तयार होते, नेहमीच होते. पण आपल्या म्हाताऱ्या आईला पोटच्या मुलासाठी रडायची परवानगी माझ्याकडे मागावी लागली. त्याला कुठलाही हिरा, कुठलाही लेसर कारण नाही. एक वाक्य बोलायला तुझ्याकडे इतकी वर्षं होती.

मी तिला म्हटलं, "रड." ती रडली, मोठ्यानं, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, तुझं नाव घेऊन. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. पुढे कधी येईलही. आलंच, तरी ते मी तुला कळू देणार नाही.